दहा व्होल्ट उद्याही दहाच राहतील का?

मल्टिमीटरच्या पडद्यावर १०.००००० असा आकडा उमटला की घरी इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जोपासणाऱ्याला केवढा आनंद होतो! पण त्या आकड्याचा अर्थ इतकाच, की या क्षणी मीटर आणि समोरचा रेफरन्स, म्हणजे ठरलेलं व्होल्टेज देणारं मापाचं साधन, यांचं एकमत आहे. दोघंही एकाच दिशेला सारखेच सरकले असतील तर पडद्यावर काहीच दिसणार नाही.

म्हणून रेफरन्स निवडताना मी आधी स्थिरता बघतो, अचूकता नंतर. तो १०.०००४ व्होल्ट देत असला तरी चालेल. एकदा चांगल्या प्रयोगशाळेतून मोजून आणायचा आणि तो आकडा डबीवर लिहून ठेवायचा. वर्षभराने तो तेवढाच भरला पाहिजे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ साली कॅडमियम आणि पारा वापरून असा सेल बनवला, की तो २० अंश सेल्सिअसला सुमारे १.०१८ व्होल्ट देई. कित्येक दशकं जगाचा व्होल्ट या काचेच्या नळीत सांभाळला गेला. आता प्रयोगशाळा जोसेफसन परिणाम वापरतात. दोन अतिवाहकांमधल्या (ज्यांत विजेला रोध होत नाही अशा पदार्थांमधल्या) पातळ जोडावर ठरावीक वारंवारतेच्या सूक्ष्मलहरी सोडल्या की मिळणारं व्होल्टेज ती वारंवारता आणि निसर्गाचे दोन स्थिरांक यांवरच ठरतं. २० मे २०१९ पासून या दोन्ही स्थिरांकांच्या किमती कायमच्या पक्क्या झाल्या आहेत. पण त्यासाठी अतिशीत तापमान लागतं. आपल्या टेबलावर उरतो तो झेनर डायोड, म्हणजे उलट दिशेने ठरावीक व्होल्टेजला वीज वाहू देणारा आणि ते व्होल्टेज टिकवणारा सिलिकॉनचा भाग.

साध्या झेनरमध्ये हे वीज वाहू लागणं, म्हणजे विद्युत भंजन, सिलिकॉनच्या पृष्ठभागाशी होतं. तिथे वरच्या ऑक्साइडच्या थरातले विद्युतभार हळूहळू सरकतात आणि व्होल्टेज त्यांच्यामागे जातं. यावर फार सुंदर उपाय निघाला: भंजनाची जागाच पृष्ठभागाखाली गाडून टाकायची. एलएम३९९ आणि एलटीझेड१००० या दोन्ही प्रसिद्ध चिप या जातीच्या. दोन्ही सुमारे ७ व्होल्ट देतात (दहा हवे असतील तर ते पुढे वाढवून घ्यायचे) आणि दोन्हींच्या सिलिकॉनवरच छोटा हीटर असतो. तो चिपचं तापमान खोलीपेक्षा बरंच वर, एका जागी धरून ठेवतो.

तरीही आकडा सरकतोच. सिलिकॉनवर ताण आला की त्याचे विद्युत गुणधर्म बदलतात. सोल्डरिंगच्या उष्णतेने आलेला ताण सैल व्हायला कित्येक आठवडे लागतात. प्लास्टिकच्या आवरणातली चिप हवेतला ओलावा शोषते, आवरण किंचित फुगतं आणि आतल्या सिलिकॉनवर दाब येतो. दमट दिवस संपले की आकडा परत फिरतो, आणि आपण मात्र त्याला वय, म्हणजे काळाने येणारी कायमची सरक, समजून बसतो. म्हणून धातूच्या हवाबंद टोपीतली चिप घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

खरं वय वेगळंच वागतं. ते सुरुवातीला भराभर वाढतं, मग मंदावतं. ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाप्रमाणे. पहिल्या १००० तासांत, म्हणजे साधारण सहा आठवड्यांत, जेवढी सरक होते तेवढी पुढची होण्यासाठी आणखी ३००० तास जावे लागतात. त्यामुळे नवीन रेफरन्स आधी काही महिने सलग चालू ठेवावा, मगच कॅलिब्रेशनला पाठवावा. चिप जितकी गरम, तितकं हे वय लवकर चढतं. हीटरचं तापमान गरजेपेक्षा वर नेऊ नये ते यासाठीच. आणि उगाच बंद-चालू करू नये, कारण थंड होऊन पुन्हा तापलेली चिप नेमक्या जुन्या जागी परत येईलच असं नाही.

मोजताना फसवणारी आणखी एक गोष्ट आहे. या चिपचे पाय कोव्हार नावाच्या मिश्रधातूचे असतात. कोव्हार आणि तांबं जिथे जुळतात तिथे दर अंशाला सुमारे ३५ मायक्रोव्होल्ट तयार होतात. दोन पायांच्या तापमानात अंशाच्या पाचव्या हिश्शाचा फरक पडला, तरी ७ मायक्रोव्होल्ट, म्हणजे ७ व्होल्टमध्ये दहा लाखांत एक भाग! टेबलावरून जाणारी वाऱ्याची झुळूकही शेवटचे अंक हलवते. चिपवर साधं झाकण ठेवून बघा, ते अंक शांत होतात.

एकच रेफरन्स असेल तर तो सरकला की मीटर, हे कधीच कळत नाही. निदान तीन हवेत. त्यांपैकी दोघांची ऋण टोकं एकत्र जोडायची आणि धन टोकांमधला फरक मोजायचा. तो १०० मायक्रोव्होल्ट असेल आणि मीटर ०.१ टक्क्याने चुकत असेल, तरी त्यामुळे येणारी चूक ०.१ मायक्रोव्होल्टचीच. मग मीटरच्या वायरी उलटवून पुन्हा मोजायचं, म्हणजे मीटरची शून्याची चूक वेगळी निघते. तारीख आणि खोलीचं तापमान यांसह तिन्ही जोड्यांचे फरक दर आठवड्याला वहीत उतरवले, की कोण भटकतोय ते काही महिन्यांत दिसू लागतं.

तिघं एकदमच सरकले तर मात्र ही वहीही काही बोलत नाही. तेव्हा तिघांपैकी एकाला बॅटरीवर, वाटेत हीटर बंद न पडू देता, प्रयोगशाळेत न्यावं लागतं. परत आल्यावर त्याला लगेच उरलेल्या दोघांशी ताडून बघायचं, म्हणजे प्रवासात तो हलला की नाही तेही कळतं.