कुकीजवरचा पांढरा थर म्हणजे बुरशी नाही!

परवा सांगलीत विश्रामबागला मावशीकडे गेलो तर ती डबाभर बटर कुकीज टाकून द्यायच्या बेतात होती. घरी भाजलेल्या, वर चॉकलेट लावलेल्या, चारच दिवसांपूर्वीच्या. "बुरशी आलीया रे, बघ की!" चॉकलेटवर खरंच राखेसारखा पांढरट थर होता. मी त्यावर बोट दाबून धरलं, थर विरघळून गेला आणि खाली तपकिरी चॉकलेट दिसलं. बुरशी अशी बोटाच्या उबेनं वितळत नाही. त्यात तिला ग्रुपवर मेसेज आलेला की पांढरं पडणारं चॉकलेट म्हणजे आत मेण घातलेलं, मला असल्या मेसेजचा फार राग येतो, कारण चांगलं अन्न वाया जातं आणि मनात भीती बसते ती वेगळीच.

तो थर कोको बटरचा, म्हणजे कोकोच्या बियांतल्याच चरबीचा. ही चरबी गोठताना तिचे रेणू एकमेकांवर रचले जातात, आणि गंमत अशी की ही रचना एक नाही, सहा प्रकारची होऊ शकते! हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच, फक्त रचना वेगळी, तसंच हे. १९६६ साली विली आणि लटन या संशोधकांनी हे सहा प्रकार मांडले. पहिला साधारण १७ अंशालाच वितळतो, चौथा २७ च्या आसपास, पाचवा जवळपास ३४ ला आणि सहावा ३६ ला. आपल्याला हवा पाचवा. तो चमकतो, कट्कन तुटतो, हातात लगेच वितळत नाही पण तोंडात वितळतो.

अडचण अशी की चॉकलेट नुसतं वितळवून गार केलं की कच्चे प्रकार आधी तयार होतात, कारण त्यांना रचून बसायला कमी वेळ लागतो. मग ते हळूहळू पक्क्या प्रकारात बदलत जातात, त्या बदलात चरबी पृष्ठभागावर येऊन तिथे तिचे मोठे स्फटिक होतात, त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. रवाळ तूप आठवा, हळू थिजलेल्या तुपात कणी पडते ती पण स्फटिकांचीच, फक्त तुपात आपल्याला ती हवी असते.

उपाय म्हणजे विरजण! दोन भाग चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवायचं, खाली उतरवून त्यात एक भाग चांगलं चमकदार चॉकलेट किसून घालायचं आणि ३१-३२ अंशांपर्यंत येईतो ढवळत राहायचं. किसात पाचव्या प्रकारचे स्फटिक आधीच असतात, त्यांच्या साच्यावर बाकीची चरबी तशीच रचली जाते. दह्यात जिवंत जंतू काम करतात, इथे नुसता आकार. थर्मामीटर नसेल तर थेंब ओठाखाली लावून बघा, किंचित गार लागलं पाहिजे. हे आकडे डार्क चॉकलेटचे, मिल्कला एक-दोन अंश कमी. पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, साखर ओलावा धरते आणि सगळं घट्ट गोळा होतं. पाकिटावर कोको बटरऐवजी वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड, त्याला हा खटाटोप लागत नाही.

मावशीची चूक मला नंतर कळली, कुकीज ओव्हनमधून काढून कोमट असतानाच तिनं चॉकलेटात बुडवल्या होत्या. कुकी ३४ अंशांच्या वर असेल तर तुमचे सगळे पाचवे स्फटिक वितळले म्हणून समजा. शिवाय कुकीतलं लोणी चॉकलेटमध्ये झिरपतं आणि कोटिंग मऊ पडतं. म्हणून तासभर पूर्ण गार होऊ द्यायच्या. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी स्वयंपाकघरच ३६ च्या पुढे जातं, तिथे पाचवा स्फटिक बनणारच कसा? फ्रीजमध्ये ठेवलं तर बाहेर काढल्यावर दव जमतं, साखर विरघळून पुन्हा वाळते आणि खरखरीत पांढरा थर येतो, तो बोटाच्या उबेनं जात नाही पण ओल्या बोटानं विरघळतो.

मावशीच्या कुकीज आम्ही चहाबरोबर संपवल्या. पुढच्या वेळी ती पहाटे पाचला उठून कोटिंग करणार आहे, पंखा लावून.