विडी कामगारांचा कायदा दिल्लीत का करावा लागला?

सोलापूरच्या पूर्व भागात दारादारांत बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसतात. सुपात तंबाखू, शेजारी मापात कापलेली तेंदूची पानं आणि दोऱ्याचं रीळ. हे काम घरात शिरण्यामागे मालकांचा हिशेब होता. 1948 च्या कारखाना अधिनियमाने वीज न वापरणाऱ्या कारखान्यात 20 कामगार झाले की कामाचे तास, रजा, स्वच्छता असं सगळं बंधन आलं. विडीला यंत्र लागतच नाही. मग कारखाना फोडा, पानं-तंबाखू घरी द्या, विड्या मोजून घ्या.

मद्रासने 1958 मध्ये आणि केरळने 1961 मध्ये स्वतःचे कायदे केले, तर धंदा शेजारच्या राज्यात सरकू लागला. एकेकट्या राज्याला हे आवरणारं नव्हतं. कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने संसदेलाही त्यावर कायदा करता येतो, आणि तसा तो 1966 मध्ये झाला: विडी आणि सिगार कामगार (रोजगाराच्या शर्ती) अधिनियम. घरी वळणारी बाईही त्यात कामगार ठरली.

विधेयक मांडणं, कलमवार चर्चा, मतदान, दुसरं सभागृह, राष्ट्रपतींची संमती हा क्रम शाळेत सगळ्यांनीच घोकलेला असतो. पण संमतीनंतरही हा कायदा आपोआप लागू होणार नव्हता. तारीख ठरवायची आणि नियम करायचे, ही दोन्ही कामं त्याच कायद्याने राज्यांकडे दिली होती. मालक मंडळी कोर्टातही गेली; सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये कायदा वैध ठरवला. पळवाट मात्र राहिलीच. कोणाची नोकर नसलेली, घरच्यांना हाताशी धरून स्वतःचा माल करणारी व्यक्ती त्यातून वगळलेली होती. तेव्हा कागदावर ‘आम्ही तयार विड्या विकत घेतो’ असं दाखवलं की मालक मोकळा!

1976 मध्ये संसदेने विडी कामगारांच्या कल्याणासाठी एक नव्हे, दोन कायदे केले. एक उपकर लावायचा, दुसरा निधी उभा करायचा. वसूल झालेला पैसा आधी भारताच्या संचित निधीत जातो आणि संसदेने विनियोजन मंजूर केल्याशिवाय तिथून रुपयाही हलत नाही, म्हणून ही रचना. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत हे त्या निधीतून चाले. जीएसटी आला तेव्हा, 2017 मध्ये, उपकर रद्द झाला.

1966 चा कायदा पुढे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत विलीन करायचं ठरलं. 2019 चं मूळ विधेयक कामगारविषयक स्थायी समितीकडे गेलं, तिचा अहवाल आला, मग ते मागे घेऊन नवं मांडलं गेलं. समितीत महिने गेले. सभागृहांत मात्र नव्या विधेयकाला दोन दिवस पुरले. लोकसभेने 22 सप्टेंबर 2020 ला आणि राज्यसभेने दुसऱ्याच दिवशी ते मंजूर केलं, तेही बरेच विरोधी सदस्य बहिष्कार टाकून बाहेर असताना. संहिता अमलात आली 21 नोव्हेंबर 2025 ला.