दोन लिंकमधली फट नव्हे, ते एक अक्षर आहे

परवा रात्री भाच्याचा फोन आला, तो एक वेब पान बनवतोय. "मामा, लिंकना मार्जिन शून्य, पॅडिंग शून्य. तरी मधे फट आहेच! आणि तुझ्या लॅपटॉपवर ती वेगळीच दिसते." मार्जिन म्हणजे लिंकच्या बाहेर सोडलेली जागा, पॅडिंग म्हणजे आत सोडलेली. कॅश, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या पानांच्या जुन्या प्रती, साफ करून झाली होती, तीन ब्राउझर पालटून झाले होते. कॅश साफ करणं हा आपल्याकडे अंगाऱ्यासारखा उपाय झालाय, दुखणं कुठलंही असो, तोच लावायचा. इथे दुखणं वेगळंच होतं.

पानाच्या कोडमध्ये एक लिंक लिहून झाली की आपण एन्टर मारतो, चार स्पेस सोडतो आणि दुसरी लिहितो. ब्राउझर त्या एन्टरची आणि स्पेसची मिळून एकच स्पेस करतो आणि दोन शब्दांमध्ये सुटते तशी ती लिंकांमध्ये सोडतो. ते मजकुरातलं अक्षर आहे, त्यामुळे मार्जिन शून्य करून ते जात नाही.

आता त्याची रुंदी. ती फॉन्ट ठरवतो. अक्षरांचा आकार 16 पिक्सेल असेल तर टाइम्स न्यू रोमनची स्पेस 4 पिक्सेलची, एरियलची साधारण 4.45 आणि कुरिअर न्यूची तब्बल 9.6. मराठी पानावर तर आणखी मजा. फॉन्टच्या यादीत एरियल पहिला असेल तर देवनागरी अक्षरं त्यात नसल्यामुळे ती दुसऱ्या फॉन्टमधून येतात, स्पेस मात्र एरियलमध्ये असल्यामुळे तिथूनच येते. ज्या मशीनवर एरियलच नाही, तिथे ती तिसऱ्याच फॉन्टची. ब्राउझर बिचारा नेमून दिलेलं काम करतोय.

25 टक्के रुंदीच्या चार इनलाइन-ब्लॉक (शब्दांसारख्या ओळीत बसणाऱ्या, पण ठरवून दिलेली रुंदी घेणाऱ्या) लिंक एका ओळीत मावायला हव्यात, पण मधल्या तीन स्पेस मिळून एरियलमध्ये साधारण 13 पिक्सेल वाढतात आणि चौथी खाली पडते. कोड आवळून छोटा करणारं साधन या स्पेस काढून टाकत असेल तर घरी दिसणारी फट सर्व्हरवर गायब होते.

भाच्याच्या पानावर आणखी एक खोड होती: 'संपर्क' शब्दापुढे अंडरलाइनचं शेपूट. लिंक बंद करणाऱ्या टॅगच्या (कोडमधल्या खुणेच्या) आधी एक स्पेस राहिली होती आणि टॅगनंतर दुसरी. लागोपाठच्या स्पेसमध्ये पहिली टिकते, पुढची गळते, मधे टॅग असला तरी. टिकली ती लिंकच्या आतली, म्हणून तिच्याखालीही रेघ.

उणे 4 पिक्सेल मार्जिन देण्याचा तोडगा अजून सर्रास सांगतात. तो टाइम्सला लागू पडतो, फॉन्ट बदलला की फसतो. त्यापेक्षा लिंकांच्या डब्याला डिस्प्ले फ्लेक्स (आतल्या गोष्टी ओळीत मांडायची सूचना) द्यावं. तिथे नुसत्या स्पेसचा मजकूर ब्राउझर मांडतच नाही. मग 'गॅप' लिहून हवं तेवढं अंतर मागावं. फायरफॉक्सने ही सोय 2018 मध्ये दिली, क्रोमने 2020 मध्ये आणि सफारीने 2021 मध्ये.

भाच्याने गॅप 12 पिक्सेल लिहिला, शेपटाची स्पेस खोडली. फोन चालू ठेवूनच मी माझ्या लॅपटॉपवर पान उघडलं, दोन्हीकडे 12 भरले.