अँटोनियो ते अँथनी जॉन्सन: कोर्टाच्या वह्यांतून सापडलेला माणूस

अमेरिकेतला जुना पूर्वज शोधायचा म्हटलं की लोक आधी जनगणना उघडतात आणि तिथेच अडकतात. कारण अख्ख्या देशाची पहिली जनगणना झाली 1790 ला, त्यातही नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीच्यांचे नुसते आकडे. व्हर्जिनियातली इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत, जेम्सटाउन, वसली 1607 ला, म्हणजे मधली 183 वर्षं शोधायची तर मृत्युपत्रं, जमिनीची खतं आणि कोर्टाच्या वह्या एवढंच हाताशी राहतं. त्यातून काय काय निघू शकतं हे बघायचं तर व्हर्जिनियातल्या अँथनी जॉन्सनची केस मला सगळ्यात भारी वाटते, कारण हा माणूस आफ्रिकेतून आणलेला, लिहिता न येणारा, आणि तरी कागदांवर चांगला पन्नासएक वर्षं दिसत राहतो.

सुरुवात एका यादीतल्या ओळीपासून. 1625 च्या सुरुवातीला वसाहतीत माणसं मोजली तेव्हा बेनेट नावाच्या व्यापाऱ्याच्या तंबाखूच्या मळ्यावर ‘अँटोनियो, निग्रो’ अशी नोंद झाली, 1621 मध्ये जेम्स नावाच्या जहाजाने आला असं लिहून. त्याच मळ्यावर मेरी, ती 1622 ला आलेली. दोघांनाही आडनाव नाही. त्यानंतर बराच काळ शांतता.

पुढचा धागा सापडतो चेसापीक खाडीच्या पलीकडे, ईस्टर्न शोअर म्हणतात त्या पट्ट्यात, नॉर्थॅम्प्टन काउंटीत. इथल्या कोर्टाच्या वह्या 1632 पासून सलग आहेत, एवढ्या जुन्या आणि न तुटलेल्या काउंटी वह्या अमेरिकेत दुसरीकडे कुठे नाहीत. तेव्हाचं काउंटी कोर्ट म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतं तसलं फक्त खटल्यांचं कोर्ट नव्हे. मृत्युपत्र तिथेच नोंदवायचं, जमिनीचं खत तिथेच, करमाफीचा अर्ज तिथेच, शेजाऱ्याने शिवी दिली तर तक्रार तिथेच, आणि गुरांच्या कानाला कुणी कोणती खूण कापायची हेसुद्धा तिथेच. तलाठी, रजिस्ट्रार आणि न्यायाधीश एकाच खोलीत बसल्यासारखं.

1651 मध्ये अँथनी जॉन्सनच्या नावावर 250 एकर जमीन चढली. आता हा 250 चा आकडा नीट बघा. व्हर्जिनियात नियम असा होता की जो कुणी एका माणसाच्या जहाजाचं भाडं भरेल त्याला त्या माणसामागे 50 एकर. 250 एकर म्हणजे पाच नावं, आणि ती नावं जमिनीच्या कागदावरच लिहिलेली असतात. पण एक सावध राहायला हवं, हे हक्क विकले जायचे, त्यामुळे यादीत नाव आहे म्हणून तो माणूस त्याच वर्षी आला असं धरायचं नाही. जॉन्सनच्या पाच नावांत एक तर रिचर्ड जॉन्सन आहे, आणि त्याच्या मुलाचं नावही रिचर्डच!

मग 1625 चा अँटोनियो आणि हा जमीनदार अँथनी एकच कशावरून? असं सांगणारा एकही कागद नाही. पण 1653 ला जॉन्सनच्या घराला आग लागून मोठं नुकसान झालं, त्याने करात सूट मागितली, आणि कोर्टाने मेरी आणि दोन मुलींचा कर कायमचा माफ केला. तो हुकूम लिहिताना कारकुनाने सहज लिहून टाकलं की हे नवरा-बायको तीस वर्षांहून जास्त काळ व्हर्जिनियात राहताहेत. 1653 मधून 30 वजा करा, बायकोचं नाव मेरी, आणि जुनी यादी लगेच येऊन जुळते. आग लागली नसती तर ही ओळच लिहिली गेली नसती.

त्याची सगळ्यात गाजलेली नोंद मात्र वाचताना घशात अडकते. जॉन कासोर नावाचा आफ्रिकन त्याच्याकडे राबत होता, तो म्हणाला मी सात-आठ वर्षांच्या करारावर आलो होतो, ती मुदत कधीच संपली. रॉबर्ट पार्कर या शेजाऱ्याने त्याला स्वतःकडे नेलं. जॉन्सन कोर्टात गेला आणि जिंकला, कासोरला त्याच्याकडे परत पाठवलं आणि खर्च पार्करच्या डोक्यावर. काही पुस्तकांत हा निकाल 1654 चा, काहींत 1655 चा दिसतो, त्यात चूक कुणाचीच नाही. तारीख 8 मार्च, आणि इंग्रजांचं वर्ष तेव्हा 25 मार्चला सुरू व्हायचं. 1752 पर्यंत हाच घोळ, म्हणून जानेवारी ते मार्चमधली कुठलीही जुनी तारीख दोनदा तपासावी.

बाकी नेहमीचे खड्डे सांगून टाकतो. मृत्युपत्रात मोठ्या मुलाचं नाव नसलं की लोकांना वाटतं बापाने बेदखल केलं. व्हर्जिनियात 1785 पर्यंत मृत्युपत्र नसेल तर जमीन कायद्यानेच थोरल्याकडे जायची, म्हणून कित्येक बाप त्याचं नाव घालायचेच नाहीत. सन-इन-लॉ लिहिलं असेल तर तो जावई असेलच असं नाही, सावत्र मुलगाही असू शकतो. सीनियर-ज्युनियर म्हणजे बाप-लेकच असंही नाही, गावात एका नावाचे दोघे असले की थोरला आणि धाकटा. खुद्द नॉर्थॅम्प्टनमध्ये अँथनी लाँगो नावाचा दुसरा मुक्त आफ्रिकन होता, नुसतं ‘अँथनी’ वाचून दोघांची गल्लत करणं अगदी सोपं. आणि बायकोचं नाव हवं असेल तर नवऱ्याने जमीन विकल्याचं खत बघा, नवरा वारल्यावर बायकोचा त्याच्या जमिनीत तिसरा हिस्सा असायचा, विक्रीच्या वेळी तो हक्क तिने सोडला हे अनेकदा तिच्या नावासकट लिहिलेलं सापडतं.

हे सगळं वह्या टिकल्या तर. 1865 च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटी, व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड जळली तेव्हा तिथे कितीतरी काउंट्यांनी सुरक्षित राहतील म्हणून पाठवलेली दफ्तरं होती, ती राख झाली. ज्यांनी आळस करून वह्या घरीच ठेवल्या त्यांच्यातल्या कित्येकांच्या वाचल्या. त्या जळालेल्या काउंट्यांत एखादा अँथनी असेलही, तो आता कुणाला सापडायचा नाही.

जाता जाता, 1630 च्या दशकातल्या अशाच जमिनीच्या नोंदींत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असंही एक नाव येतं. म्हणजे आपल्या बाजूचा कुणीतरी तेव्हाच तिथे पोचलेला, तोही दुसऱ्याच्या 50 एकरांपुरता.

जॉन्सन कुटुंब 1660 च्या दशकात मेरीलँडच्या सॉमरसेट काउंटीत गेलं, तिथे 300 एकर भाडेपट्ट्याने घेतली. अँथनी वारला, आणि 1670 मध्ये व्हर्जिनियातल्या पंचांनी ठरवलं की तो निग्रो, म्हणजे परका, तेव्हा त्याची मागे राहिलेली जमीन सरकारजमा. ज्या वसाहतीच्या कोर्टाने त्याला मालक म्हणून न्याय दिला तिथेच तो मेल्यावर परका झाला, आणि हे दोन्ही आपल्याला कळतं ते कोर्टाच्याच कागदांवरून. तो मूळचा कुठला हे मात्र तिथे कुणी विचारलं नाही. त्याचा नातू जॉन याने 1677 मध्ये मेरीलँडमध्ये 44 एकर जमीन घेतली, तिकडे जमिनीच्या तुकड्याला नाव द्यायची पद्धत होती, आणि जॉनने नोंदवलेलं नाव होतं अंगोला.