‘किती वर्षांपासून?’ : केसपेपरवरच्या एका ओळीची पार्श्वभूमी

केसपेपरवर ‘पूर्वीचे आजार’ अशी एक ओळ असते. तिथे डॉक्टर लिहितो, ‘मधुमेह, पाच वर्षे’. विमा आणि उपचार यांच्यामध्ये डॉक्टरची जी ओढाताण होते, ती बऱ्याचदा याच ओळीपासून सुरू होते. ती कुठून आली हे बघायला सत्तर वर्षं मागे जावं लागतं, आणि कोकणापुरतं बोलायचं तर आधी मुंबईला जावं लागतं.

कोकणी माणसाची आरोग्यविम्याशी पहिली गाठ गिरणीत पडली. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा, मुंबईत ती योजना आली १९५४ मध्ये. चाकरमान्याच्या पगारातून वर्गणी कापली जायची आणि चाळीजवळच्या पॅनेल डॉक्टरकडे, म्हणजे योजनेने नेमलेल्या डॉक्टरकडे, त्याचं नाव लागायचं. या डॉक्टरला औषधाबरोबर आजारपणाचा दाखलाही द्यावा लागे, कारण दाखल्यावरच बुडालेल्या मजुरीचा काही भाग मिळायचा. पंचाईत तिथूनच सुरू झाली. शिमग्याला गावी जायचंय पण रजा नाही, म्हणून ताप नसताना दाखला मागणारा समोर बसायचा; आणि खोकून खोकून खंगलेला, तरी पगार बुडेल म्हणून दाखला नको म्हणणाराही. डॉक्टरच्या सहीला पैशाची किंमत आली ती तेव्हापासून.

गावी राहिलेल्या बायकामुलांना या विम्याचा फारसा उपयोग नव्हता, कारण दवाखाने कारखान्यांच्या शहरांत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. पुढे ज्यांची नोकरी गेली त्यांचा विमाही गेला.

गावातला केसपेपर तेव्हा वेगळ्याच कामाचा होता. महाड तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या : घाम किती, नाडी कशी, फुप्फुसात पाणी कधी भरलं. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध विंचूदंशावर जीव वाचवतं, हे अशाच नोंदींतून जगापुढे आलं. मी हे मुद्दाम सांगतोय. रुग्णाने खरं सांगावं आणि डॉक्टरने ते जसंच्या तसं लिहावं, एवढ्याच आधारावर वैद्यक उभं आहे.

१९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. त्यात एक अट होती : पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळणार नाही. विम्याच्या हिशेबाने ती चुकीची म्हणता येत नाही. माणसं आजारी पडल्यावरच पॉलिसी घेऊ लागली तर विमा चालणार कसा? पण आजार आधीचा की नंतरचा हे ठरवायचं कशावरून, तर डॉक्टरच्या कागदावरून. २००१ मध्ये टीपीएचे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थांचे, नियम झाले, कॅशलेस आलं आणि तो कागद आम्ही डॉक्टरांनी न पाहिलेल्या माणसांच्या टेबलावर जाऊ लागला. दुसऱ्या वर्षी, २००२ मध्ये, मेडिकल कौन्सिलची आचारसंहिता आली. खोटं प्रमाणपत्र देणं हा गैरवर्तनाचा गुन्हा, आणि रुग्णाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्यायच्या. आचारसंहिता योग्यच आहे. फक्त ती पाळणाऱ्याच्या समोर कोण बसलेलं असतं, ते तिच्यात लिहिलेलं नाही.

माझ्यासमोर एक बाई बसली होती. नवरा आत, छातीत कळ येऊन आणलेला. मुंबईतल्या मुलाने दोन वर्षांपूर्वी पॉलिसी काढून दिली होती. ती पिशवीतून गोळ्यांच्या जुन्या पट्ट्या काढत होती, साखरेच्या, कडा झिजलेल्या. मग तिने त्या परत पिशवीत सारल्या आणि हळू आवाजात म्हणाली, “डॉक्टरानू, साखर दोन म्हयन्यांचीच लिवा. पाच वर्सां लिवलास तर पैसे गावचे नाय.”

मी पाच वर्षं लिहिलं. पुढच्या डॉक्टरने दोन महिने वाचलं असतं तर त्याने मूत्रपिंडाकडे, डोळ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. क्लेम नाकारला गेला. मी बरोबर लिहिलं असं मला आजही वाटतं, आणि त्या बाईची नजर आजही चुकवावीशी वाटते.

सरकारी योजनांत हा सापळा नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात रायगडला आली, पुढच्या वर्षी रत्नागिरी-सिंधुदुर्गला. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की दीड लाखापर्यंत उपचार. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं, २०२० मध्ये ती आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांचं संरक्षण आहे. साखर किती जुनी, हे तिथे कोणी विचारत नाही. तिथला पेच यादीचा. यादीतल्या शस्त्रक्रियेला रुग्णालयाला ठरलेले पैसे मिळतात. ‘थांबून बघू, कदाचित कापायची गरज पडणार नाही’ या सल्ल्याला काही मिळत नाही. शिवाय योजनेतलं रुग्णालय जवळ हवं. सावंतवाडी-दोडामार्गचा गंभीर रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला, गोव्याच्या सरकारी रुग्णालयात, जातो, आणि २०१८ पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. डॉक्टर चिठ्ठी लिहितो तेव्हा ही सीमाही त्याच्या हिशेबात असते.

खासगी विम्याची ती अट २०२४ मध्ये थोडी सैल झाली. आधीच्या आजाराचा खर्च मिळण्यासाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली, आणि सलग पाच वर्षं हप्ते भरलेल्याचा क्लेम, लबाडी सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवली म्हणून नाकारता येत नाही. चांगलं झालं. पण मधल्या काळात आमच्या ओपीडीत जे बिघडलं, ते परिपत्रकाने भरून येणारं नाही. आता मी विचारतो, “किती वर्षांपासून त्रास आहे?” आणि माणूस उत्तर देण्याआधी माझ्या पेनाकडे बघतो. “ह्या कागदार लिवतलास काय?”