गाभण गिनी पिग आणि तिची भीती

गिनी पिग घाबरलं की पळतंच असं नाही. बरेचदा ते जिथल्या तिथे थिजतं. डोळे उघडे, कान ताठ, पाठीवर हात ठेवला तरी हालचाल नाही. बघणाऱ्याला वाटतं, किती गरीब जनावर! खरं तर त्या वेळी त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढलेलं असतं. अँडीज पर्वतातल्या गवताळ पठारांवर याचे पूर्वज शिकारी पक्ष्यांच्या नजरेखाली जगले. तिथे हलला तो दिसला आणि दिसला तो गेला. माणसाने मांसासाठी हा प्राणी पाळायला घेतला त्याला काही हजार वर्षं झाली, तरी वरून झेपावणाऱ्या सावलीची धास्ती त्याच्या अंगातून गेलेली नाही. आपला हात नेमका वरूनच येतो.

हे सगळं नव्याने वाचायची वेळ आली ती गोव्यात फोंड्याला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीमुळे. पावसाळा सरता सरता तिच्याकडे एक मादी आली. कुणी भाडेकरू घर सोडून गेले आणि नर-मादीचा पिंजरा गॅलरीत तसाच राहिला. शेजाऱ्यांनी नर नेला, मादी हिच्या पदरात पडली. आठवड्याभरात तिचा फोन. "ताई, ही माझ्यासमोर काही म्हणजे काही खात नाही गं. पण पोट मात्र वाढतंय."

नराबरोबर राहिलेली मादी गाभण आहे असंच धरून चालायचं. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा. नर वेगळा केल्याची तारीख तेवढी आपल्या हातात असते, तेव्हा तिथून ७२ दिवस मोजायचे आणि तोवर सावध राहायचं. पोट दाबून पिल्लं मोजायच्या फंदात पडू नये. ते काम जनावरांच्या डॉक्टरांचं, आणि सोनोग्राफी झाली तर उत्तमच. गोव्यात कुत्र्या-मांजरांचे आणि गुरांचे डॉक्टर मिळतात, गिनी पिग हाताळलेला डॉक्टर शोधावा लागतो. हा शोध पहिल्याच आठवड्यात लावावा, रात्री दोन वाजता नाही.

आता मूळ मुद्दा. गाभण गिनी पिगच्या बाबतीत भीती हा स्वभावाचा प्रश्न उरत नाही, तो पोटाचा प्रश्न होतो. या प्राण्याचं पचन घोड्यासारखं, म्हणजे आतड्याच्या मागच्या भागात, मोठ्या अंधांत्रात चालतं. तिथले जिवाणू गवतातला तंतू आंबवतात. हे काम चालू राहायला वरून गवत सतत यावं लागतं, म्हणून हा प्राणी दिवस-रात्र थोडं थोडं चरत असतो. घाबरलेली मादी खाणं थांबवते. आपल्याला एक जेवण चुकल्याचं काही वाटत नाही, पण तिच्या आतड्याची हालचाल मंदावते. त्यात ती गाभण. शेवटच्या दिवसांत पिल्लांचा भार तिच्या मूळ वजनाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो आणि त्यांची साखरेची मागणी काही थांबत नाही. मग शरीर स्वतःची चरबी काढायला लागतं, ती यकृतात साचते, चरबी जाळताना तयार होणारे कीटोन रक्तात वाढतात, रक्त आम्लाकडे झुकतं. याला प्रेग्नन्सी टॉक्सिमिया म्हणतात. विण्याआधीचे दोन आठवडे आणि नंतरचा एक हा त्याचा मुख्य काळ. मादी लठ्ठ असेल तर धोका जास्त. एकदा ती मलूल होऊन कोपऱ्यात बसली, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास यायला लागला, की उपचारांनी फार क्वचित यश येतं. म्हणून सारा भर ती वेळ न येऊ देण्यावर.

म्हणजे करायचं काय? माझ्या मते, आधी हात मागे घ्यायचा. उचलणं, कुरवाळणं, पाहुण्यांना दाखवणं, आंघोळ, पिंजऱ्याची जागा बदलणं, सगळं बंद. पिंजरा भिंतीला लागून, टीव्हीपासून लांब. आत लपायला खोके, आणि प्रत्येक खोक्याला दोन दारं. एकच दार असलं तर आतली मादी स्वतःला कोंडलेली समजते. दोन असली की पळायला वाट आहे हे तिला कळतं, आणि गंमत म्हणजे मग ती पळत नाही. बहिणीने बुटांच्या खोक्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडली आणि एका भोकाशी कोथिंबिरीची काडी ठेवली. बराच वेळ काही नाही. मग काडी थरथरली आणि इंचाइंचाने आत ओढली गेली. दांडीचा कुरकुर आवाज ऐकू येत होता, मादी दिसत नव्हती. एवढंही पुरे असतं. न दिसता खाल्लं तरी ते खाणंच.

पण हात मागे घेतला तरी नजर हलवायची नाही. शिकार होणारे प्राणी आजार लपवतात, आणि चेहरा बघून गिनी पिगचं काही कळत नाही. कळतं ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. काट्यावर उघडं खोकं ठेवायचं, त्यात हिरवं पान, ती आपल्या पायांनी आत शिरली की आकडा वाचायचा. रोज, एकाच वेळी, वहीत. गाभण मादीचं वजन चढतं राहायला हवं. ते थांबलं किंवा उतरलं, तर ती खेळकर दिसत असली तरी डॉक्टरांना फोन. लेंड्या कमी किंवा बारीक झाल्या तरी तेच. उचलणं टाळताच आलं नाही तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पोटावर दाब नको. शेवटच्या पंधरवड्यात तेही नको. खोक्यात शिरू द्यायचं आणि खोकंच उचलायचं.

भीतीचा परिणाम पिल्लांपर्यंतही पोचतो, आणि याचा अभ्यास नेमका याच प्राण्यावर झाला आहे. जर्मनीत म्युन्स्टर विद्यापीठात सिल्विया कायझर आणि नोर्बर्ट झाखसर यांनी गाभण माद्यांचे दोन प्रकारचे गट केले. एकात सोबती तेच राहिले, दुसऱ्यात दर तिसऱ्या दिवशी माद्यांची अदलाबदल. ना मार, ना उपास, फक्त ओळखीचे चेहरे टिकत नव्हते. अस्थिर गटातल्या मातांच्या मुली वागण्यात नरांसारख्या झाल्या, आणि मुलगे मोठे होऊनही लहान पिल्लांसारखे वागत राहिले. घरी यातून घ्यायचं ते एवढंच, की "एकटी आहे बिचारी" म्हणून गाभणपणात अनोळखी जोडीदार आणून सोडू नये. ओळखीची मादी असेल तर मात्र ती जवळ राहू द्यावी. परिचित सोबत असली की या प्राण्याचं कॉर्टिसॉल कमी चढतं, हेही मोजून पाहिलेलं आहे. स्वित्झर्लंडने तर २००८ पासून एकटं गिनी पिग पाळणंच कायद्याबाहेर ठेवलं.

गोव्याचा म्हणून वेगळा त्रास दोन गोष्टींचा: उकाडा आणि आवाज.

गिनी पिगला मानवतं १८ ते २४ अंश. २७-२८च्या वर, आणि त्यात दमट हवा, म्हणजे उष्माघाताची भीती. घाम त्याला येत नाही. पोटात पिल्लं असलेली मादी स्वतःच एक शेगडी असते, ती सगळ्यात आधी कोलमडते. पणजीत मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा २६च्या खाली फारसा उतरत नाही, आणि पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उन्हाची तर वेगळीच तऱ्हा. एसी असेल तर उत्तम, झोत अंगावर नको. नसेल तर घरातली सगळ्यात थंड लादी शोधायची, पाण्याची बाटली गोठवून टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात आडवी ठेवायची, आणि वीज गेली की बदलायला दुसरी तयार हवी. लांब पसरून पडणं, धापा टाकणं, लाळ गळणं ही उष्माघाताची लक्षणं. अंग ओल्या गार फडक्याने पुसावं, बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, आणि लगेच डॉक्टर.

पावसात गवताला बुरशी धरते. वास कुबट आला तर पेंडीच्या पेंडी टाकून द्याव्या, जीव हळहळला तरी. अंथरायला जुन्या सुती चादरी बऱ्या. सुताराकडचा भुसा नको, त्यात कसलं लाकूड आणि कसला डिंक हे कुणाला माहीत.

आवाजाचं म्हणाल तर गिनी पिगला सुमारे ५० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपली मजल २० हजारांची. गणेशचवथीचे फटाके आपल्याला मोठे वाटतात, तिला त्यात आणखीही काही ऐकू येत असणार. बहिणीच्या मादीचे दिवस भरत आले ते नेमके दिवाळीत, आणि नरकासुराचे पुतळे मिरवायच्या रात्री फोंड्यात झोपतो कोण! रात्रभर स्पीकर, पहाटे पुतळ्यांचं दहन. तिने पिंजरा दोन दिवस आधीच, मादी बावरणार नाही इतक्या बेताने, मागच्या खोलीत नेला, खिडकीला गोधडी लावली, पंखा चालू ठेवला म्हणजे त्याची घरघर बाहेरचा ठोका थोडा झाकेल, आणि गवत दुप्पट घातलं. सकाळी वजन आठ ग्रॅमने उतरलेलं होतं, दुपारपर्यंत भरून आलं.

आहारात मुख्य ते गवत, हवं तेवढं. एरवी मोठ्या गिनी पिगला लसूणघास देत नाहीत, कारण त्यात कॅल्शियम जास्त. गाभणपणात आणि अंगावर पाजताना थोडा चालतो. भाताचा पेंढा पोट भरतो, पोसत नाही. तांबडी भाजी आपल्याकडे घरोघरी, पण तिच्यात ऑक्सॅलेट बरंच, ते मुतखड्याला आमंत्रण. कधीतरी एखादं पान, रोज नको. कांदा, लसूण, बटाटा मुळीच नको.

आणि जीवनसत्त्व क. ते शरीरात बनवायची शेवटची पायरी ज्या विकराने (एन्झाइमने) होते, तो माणसात नाही आणि गिनी पिगमध्येही नाही. हे कळलं तेही चुकतमाकत. नॉर्वेच्या खलाशांना जहाजावर होणाऱ्या बेरीबेरीसारख्या आजाराचा शोध आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश घेत होते.  त्यांनी गिनी पिगना नुसतं धान्य घातलं, तर बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाला. १९०७ साली त्यांनी हे छापलं आणि स्कर्व्हीच्या अभ्यासाला पहिल्यांदा हक्काचा प्राणी मिळाला. गाभण मादीला किलोमागे रोज ३० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व लागतं. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅमला सुमारे ८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे किलोभराच्या मादीला ४० ग्रॅम मिरची पुरते. पेरूत त्याहून कितीतरी जास्त, पण साखरही, तेव्हा एखादी फोड. ही दोन्ही झाडंही अमेरिकेचीच, पोर्तुगीज काळात इकडे रुजली. म्हणजे बाई तिच्या मुलखाचंच खाते. पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब टाकू नयेत. उजेडाने आणि उष्णतेने ते काही तासांत निकामी होतं, वर पाण्याची चव बदलली की भित्री मादी पाणीच सोडते.

घरातलं औषध मात्र कधीच नाही. विशेषतः अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन. पेनिसिलिनच्या घराण्यातली ही औषधं गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात, विषारी जिवाणू माजतात, प्राणी दगावतो. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये शास्त्रज्ञ हॉवर्ड फ्लोरी यांच्या चमूने पेनिसिलिनची प्रसिद्ध चाचणी केली ती आठ उंदरांवर. पिंजऱ्यात उंदरांऐवजी गिनी पिग असते तर औषधाला तिथेच विष ठरवलं गेलं असतं.

विण्याच्या दोन-तीन दिवस आधी ओटीपोटाची दोन हाडं जिथे जुळतात तो सांधा सैल पडून बोटभर फाकतो. रिलॅक्सिन या संप्रेरकाचं हे काम. फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ मध्ये ते ओळखलं, तेही गिनी पिगमध्येच. सहा-सात महिन्यांच्या पुढे पहिल्यांदाच गाभण राहिलेल्या मादीत हा सांधा पुरेसा उघडत नाही असं डॉक्टर सांगतात, आणि सोडवलेल्या मादीचं वय तर कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून सिझेरियन करू शकणारा डॉक्टर आधीच गाठून ठेवायचा.

ती घरटं करत नाही. बसल्या बसल्या मान पोटाखाली घालून पिल्लू ओढून घेते, चाटते, पिल्लामागून पडणारी वार खाते. काही मिनिटांनी पुढचं. सगळं साधारण अर्ध्या-एक तासात आटोपतं, आणि आपण तिथे नसणं हीच मदत. वीस-तीस मिनिटं जोर करूनही पिल्लू दिसत नसेल, किंवा रक्त वाहत असेल, तर मात्र थांबायचं नाही. एका वेतात दोन ते चार पिल्लं, प्रत्येक ६० ते १०० ग्रॅमचं. डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात, तासाभरात चालायला तयार. उंदराचं पिल्लू २१-२२ दिवसांत जन्मतं, उघडं आणि आंधळं, कारण त्याला बीळ असतं. गिनी पिगला बीळ नाही, म्हणून सगळी तयारी आईच्या पोटातच होते आणि तिला एवढं ओझं वाहावं लागतं. दूध द्यायला तिला स्तन दोनच, पिल्लं पाळी लावून पितात. दुसऱ्या दिवशी गवतही कुरतडतात.

व्याल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते, म्हणून नर जवळ नको. ताजा खच्ची केलेलाही नको, त्याला सहा आठवडे लांब ठेवावं. पिल्लांतले नर तीन आठवड्यांत वयात येतात आणि आई-बहीण ओळखत नाहीत. २१व्या दिवशी डॉक्टरांकडून नर-मादी तपासून नर वेगळे काढायचे. घरच्या घरी बघून ठरवलेलं फार वेळा चुकतं, गॅलरीतल्या पिंजऱ्यांची सुरुवात बहुधा तिथेच होते. पिल्लं दुसऱ्या घरी द्यायची तर दोन मुली किंवा दोन भाऊ अशा जोडीनेच द्यावी.