पुराचुंबकत्वातील गणिती प्रारूपे

खडकांत गोठून राहिलेल्या चुंबकत्वावरून पृथ्वीचे प्राचीन चुंबकीय क्षेत्र आणि त्या काळातील भूखंडांच्या जागा ठरवण्यासाठी वापरली जाणारी गणिती मांडणी. लाव्हा थंड होताना त्यातले मॅग्नेटाइटचे कण सुमारे ५८०° सेल्सिअस या क्युरी तापमानाखाली आले की त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. त्या दिशेचे दोन कोन मोजता येतात. क्षेत्र खऱ्या उत्तरेपासून किती वळले होते तो दिक्पात, आणि क्षितिजापासून किती कलले होते ती नती. खडक कोणत्या अक्षांशावर थिजला हे मात्र गणितातूनच काढावे लागते.

त्यासाठीचे मूळ गृहीतक धाडसी आहे. क्षेत्राची काही हजार वर्षांची सरासरी घेतली तर ते पृथ्वीच्या केंद्राशी, परिवलनाच्या अक्षाला धरून ठेवलेल्या एकाच पट्टीचुंबकासारखे दिसते, असे मानले जाते. हे मान्य केले की सूत्र सुटसुटीत होते: नतीचा टॅन हा अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट. पुढची बहुतेक प्रारूपे या सोपेपणाला कुठे आणि किती मुरड घालायची, याचाच हिशेब मांडतात.

सह्याद्रीचा काळा कातळ हे याचे उत्तम उदाहरण. मुंबईच्या १९° उत्तर अक्षांशाला सूत्राप्रमाणे नती सुमारे ३५° यायला हवी, उत्तरेकडे आणि खाली झुकलेली. या कातळात, म्हणजे दख्खनच्या बसाल्टमध्ये, ती ४५ अंशांच्या आसपास मिळते. पृथ्वीचे चुंबकीय उत्तर आणि दक्षिण ध्रुव अधूनमधून जागा बदलतात; ज्या थरांत असे ध्रुव उलटलेले आहेत, तिथे दिशा आग्नेयेकडे असून खाली झुकते. उलट्या क्षेत्रात खाली झुकणारी दिशा म्हणजे दक्षिण गोलार्ध. ४५ अंशांचा टॅन १. त्याचा निम्मा ०.५, त्यावरून अक्षांश येतो साधारण २७° दक्षिण. आजच्या जागेपर्यंतचे अंतर ४६ अंश, म्हणजे सुमारे ५,००० किलोमीटर. हा कातळ थिजल्यापासूनच्या साडेसहा कोटी वर्षांत विभागले तर वर्षाला सात-आठ सेंटिमीटर. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतीय खडकांवरची अशी मोजमापे १९५६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा भूखंड सरकतात हे मानायला बरेच भूवैज्ञानिक तयार नव्हते.

एका नमुन्यावर कोणी विसंबत नाही आणि अनेक नमुन्यांच्या दिशा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. नेहमीची सरासरी इथे फसते: ३५९° आणि १° यांची सरासरी १८०° येते, म्हणजे उत्तरेऐवजी थेट दक्षिण! यावर उपाय म्हणजे प्रत्येक दिशा एकक लांबीचा बाण मानून बाणांची बेरीज करायची. संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९५३ मध्ये गोलाच्या पृष्ठभागावरील विखुरणीचे संख्याशास्त्र मांडले. त्यामागे केंब्रिजमध्ये यान होस्पर्स यांनी आइसलँडच्या लाव्हांवर केलेले काम होते. विखुरणी जितकी कमी, तितका फिशर यांचा ‘कप्पा’ हा अंक मोठा. नमुन्यांची संख्या आणि कप्पा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने १४० ला भागले की ९५ टक्के खात्रीचा कोन अंदाजे मिळतो. १० नमुने आणि कप्पा ५० असेल, तर तो सव्वासहा अंशांच्या आसपास भरतो.

पण नमुने पुष्कळ असले म्हणजे काळही पुष्कळ व्यापला, असे नव्हे. लागोपाठचे लाव्हाथर काही दशकांत साचले असतील, तर ते सगळे क्षेत्राच्या एकाच क्षणाची नोंद ठेवतात आणि सरासरीचे गृहीतकच कोसळते. महाबळेश्वरच्या कड्यातील सुमारे १,२०० मीटर जाडीच्या थरांवर शेने आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हीच अडचण कामाला लावली. दिशा जुळणारे सलग थर एकाच उद्रेकाचे मानून त्यांनी ज्वालामुखीचा वेग आजमावला. अडचणीचेच घड्याळ केले म्हणायचे.

गाळाच्या खडकांत वेगळी गोची असते. कण साचताना आणि दबताना आडवे होतात, त्यामुळे नती खरीपेक्षा कमी भरते. किंग यांच्या सूत्रात खऱ्या नतीच्या टॅनला एकापेक्षा लहान गुणकाने गुणतात. तो ०.६ धरला तर ४५° ची नती ३१° वर येते आणि अक्षांश दहा अंशांनी चुकतो.

ध्रुव उलटण्याच्या घटनांसाठी पॉयसाँ प्रक्रिया वापरतात: पुढची उलटापालट कधी होईल हे मागची कधी झाली यावर अवलंबून नसते. शेवटची सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाली. उलटापालटीचा सरासरी दर मात्र स्थिर धरून चालत नाही, कारण डायनोसॉरांच्या अखेरच्या, म्हणजे क्रिटेशस काळात जवळजवळ चार कोटी वर्षे ध्रुव उलटलेच नव्हते.

क्षेत्र निर्माण कसे होते, हा प्रश्न पृथ्वीच्या गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहाची समीकरणे संगणकावर सोडवून हाताळला जातो. ग्लाट्झमायर आणि रॉबर्ट्स यांच्या १९९५ च्या प्रारूपात सुमारे ३६,००० वर्षांच्या आभासी काळानंतर ध्रुव आपोआप उलटले. मात्र त्यातला द्रव खऱ्या गाभ्यापेक्षा कितीतरी पट चिकट धरावा लागला होता. खऱ्या गाभ्यात चिकटपणाचे बळ परिवलनाच्या बळापुढे इतके क्षुल्लक आहे, की तितके बारीक भोवरे पकडणे आजच्या महासंगणकांनाही झेपत नाही.